इनिट आणि टर्मिनेटचं पान किती लांब असावं?

शेडरवाली
ग्राफिक्स लायब्ररीच्या डॉक्युमेंटेशनमध्ये सगळ्यात त्रोटक पानं कोणती असतात? सुरू करणाऱ्या (इनिट) आणि बंद करणाऱ्या (टर्मिनेट) फंक्शनची. 'लायब्ररी सुरू करते', 'लायब्ररी बंद करते', की झालं. माझ्या मते चार गोष्टी त्याच पानावर हव्यात: कॉल फसला तर काय, दोनदा केला तर काय, कोणत्या थ्रेडवरून (प्रोग्रॅमच्या समांतर चालणाऱ्या धाग्यांपैकी कोणत्या) करायचा, आणि बंद करताना नेमकं काय काय नष्ट होतं.

विंडो उघडणाऱ्या जीएलएफडब्ल्यू या लायब्ररीचं उदाहरण घ्या. इनिट फसलं तर ते स्वतःच टर्मिनेट करून परततं. एकदा यशस्वी झाल्यावर पुन्हा कॉल केलं तर लगेच 'खरं' परत देतं. टर्मिनेट उरलेल्या सगळ्या विंडो आणि कर्सर मोडतं. हे सगळं लिहिलेलं आहे आणि चांगलं लिहिलेलं आहे. पण ही वाक्यं शेजारी ठेवली की जे निघतं तेच महत्त्वाचं: कॉलची मोजणी होत नाही. तीनदा इनिट, एकदा टर्मिनेट, की सगळं बंद. एखादा प्लगइन शिस्तीत स्वतःचं इनिट आणि टर्मिनेट करतो आणि मूळ ॲपच्या विंडो घेऊन जातो. एसडीएल या तशाच दुसऱ्या लायब्ररीत प्रत्येक सबसिस्टिम (व्हिडिओ, ऑडिओ असे भाग) किती वेळा सुरू केली याची मोजणी होते, पण शेवटचं क्विट (तिथलं टर्मिनेट) ती मोजणी न बघता सगळं बंद करतं. एका लायब्ररीची सवय दुसरीत नेली की घोळ होतोच.

हेडरवाचक
असहमत. जीएलएफडब्ल्यू प्रत्येक फंक्शनखाली रिटर्न व्हॅल्यू, संभाव्य एरर, थ्रेडचा नियम आणि कोणत्या आवृत्तीपासून उपलब्ध, हे ठरावीक क्रमाने देतं. रोज वापरणाऱ्याची नजर थेट हव्या त्या ओळीवर जाते. तिथे परिच्छेद घातले की ही सोय गेली.

शिवाय लिहिलेलं सांभाळावं लागतं. एसडीएल २ मध्ये इनिट यशस्वी झालं की शून्य यायचं, फसलं की ऋण आकडा. एसडीएल ३ मध्ये बूलियन येतो, यश म्हणजे 'खरं'. जुन्या ट्युटोरियलमधली 'शून्यापेक्षा कमी आहे का' ही तपासणी आता कधीच लागू होत नाही. 'शून्य नाही ना' ही तपासणी तर यशालाच अपयश समजते, प्रोग्रॅम बाहेर पडतो आणि एररच्या मजकुराच्या जागी काहीच छापलं जात नाही. तीच गोष्ट पाच ठिकाणी लिहिली की चार ठिकाणी शिळी राहणार.

शेडरवाली
हा मुद्दा माझ्याच बाजूचा आहे. अधिकृत पानावर चालणारा नमुना नसला की लोक ट्युटोरियलमधून कोड उचलतात. नमुना वेगळ्या फाइलीत ठेवा, प्रत्येक बिल्डमध्ये कंपाइल करा आणि पानावर त्यातलाच उतारा आपोआप येऊ द्या. मग फंक्शनची सही (पॅरामीटर आणि त्यांचे प्रकार) बदलली की बिल्डच तुटेल. रिटर्न व्हॅल्यूचा अर्थ बदलला तर नुसतं कंपाइल पुरणार नाही, नमुना चालवून एक्झिट कोडही तपासावा लागेल.

उलटाक्रम
खरा त्रास बंद करताना होतो, त्यावर कोणी बोलतच नाही. सी++ मध्ये नेहमी दिसणारी मांडणी: मेनमध्ये इनिट, मग विंडो, मग एक टेक्स्चर ऑब्जेक्ट, ज्याचा डिस्ट्रक्टर (ऑब्जेक्ट नष्ट होताना आपोआप चालणारं फंक्शन) ओपनजीएल या ग्राफिक्स एपीआयचं डिलीट फंक्शन कॉल करतो. शेवटून दुसऱ्या ओळीवर टर्मिनेट, मग रिटर्न. वाचताना सगळं बरोबर वाटतं. पण टेक्स्चरचा डिस्ट्रक्टर रिटर्ननंतर चालतो आणि तोवर कॉन्टेक्स्ट (विंडोसोबत बनणारी ओपनजीएलची सगळी स्थिती) गेलेला असतो. करंट, म्हणजे त्या थ्रेडला जोडलेला, कॉन्टेक्स्ट नसताना ओपनजीएलचा कॉल केला की काय होईल ते ड्रायव्हरवर अवलंबून. एका मशीनवर गुपचूप निभावतं, दुसऱ्यावर बाहेर पडताना क्रॅश. विंडो मोडायचा कॉल टर्मिनेटनंतर झाला तर जीएलएफडब्ल्यू 'इनिशियलाइझ नाही' असा एरर देऊन परततं, म्हणून लोकांना वाटतं की बाकीचंही असंच निभावेल.

त्यातही एक खाच आहे. एरर कॉलबॅक (एरर आला की लायब्ररी कॉल करते ते आपलं फंक्शन) टर्मिनेटनंतरही नोंदलेलाच राहतो. तो ज्या लॉगरला लिहितो तो आधीच नष्ट झाला असेल, तर साधा एरर कळवतानाच प्रोग्रॅम कोसळतो.

उपाय दोन ओळींचा आहे. इनिट आणि टर्मिनेट एका छोट्या ऑब्जेक्टच्या कन्स्ट्रक्टर-डिस्ट्रक्टरमध्ये घाला आणि ते विंडो, टेक्स्चर या सगळ्यांच्या आधी जाहीर करा. नष्ट व्हायचा क्रम उलटा, म्हणून ते सगळ्यात शेवटी जाईल.

हेडरवाचक
उपाय बरोबर आहे, जागा चुकीची. लायब्ररी सीमधली आहे. सी++ चे नियम तिच्या संदर्भपानावर कशाला? ते मार्गदर्शिकेत जावं.

बंडलवाला
मार्गदर्शिका नवशिका वाचतो. अडलेला माणूस लक्षण शोधतो. मॅकओएसवर जीएलएफडब्ल्यूचं इनिट, ॲप बंडल (ॲपचं सगळं सामान ठेवलेलं फोल्डर) असेल तर, चालू डिरेक्टरी बदलून बंडलच्या रिसोर्सेस फोल्डरमध्ये नेतं. इनिट-हिंट (इनिटला आधी द्यायची सूचना) देऊन हे थांबवता येतं, पण तो हिंट इनिटच्या आधीच द्यावा लागतो. आता ज्याने कमांड लाइनवर फाइलचा सापेक्ष पाथ दिला, त्याला दिसतं 'फाइल सापडली नाही'. टर्मिनलवरून बंडलबाहेरची नुसती बायनरी चालवली की सगळं ठीक. तो फाइल उघडायचा कोड तपासत बसतो, इनिटच्या पानाकडे फिरकत नाही. लक्षणांची यादी हवी आणि प्रत्येक लक्षणापासून संबंधित पानाला दुवा.

हेडरवाचक
लक्षणांची यादी मान्य. आपोआप तपासला जाणारा नमुनाही मान्य. इनिटच्या पानावर 'कॉलची मोजणी होत नाही' हे वाक्य घाला, त्याला माझी हरकत नाही. सी++ चा भाग मात्र मला अजूनही तिथे नको.

शेडरवाली
मग भाषेचं नाव न घेता टर्मिनेटच्या पानावर एवढंच लिहा: 'हे फंक्शन कॉल करण्याआधी बफर, टेक्स्चर आणि शेडर मोकळे करा, कारण नंतर कॉन्टेक्स्ट उरत नाही. कॉन्टेक्स्ट दुसऱ्या थ्रेडवर करंट असेल तर आधी तिथून सोडवा.' पायथनमध्ये गार्बेज कलेक्टर उशिरा चालला तरी पहिलं वाक्य तितकंच लागू होतं.