सायप्रस: लार्नाकात उतरून उत्तर भाग (किरेनिया, फामागुस्ता) बघायचा आहे, नाके ओलांडण्याबद्दल शंका

पायवाट:

ऑक्टोबरअखेर आम्ही दोघं सायप्रसला जातोय. पासपोर्ट भारतीय, व्हिसा सायप्रस प्रजासत्ताकाचा. लार्नाकाला उतरून तिथूनच परतणार, मुक्काम निकोसिया आणि पाफोसला. पण किरेनियाचा किल्ला, सेंट हिलारियनचा किल्ला, फामागुस्ता, तिथला ओस पडलेला वारोशा भाग ही बघायची ठिकाणं नेमकी उत्तरेत, म्हणजे तुर्कस्तानाच्या ताब्यातल्या भागात आहेत. उत्तरेत जाऊन आलं तर परत येताना व्हिसाचा घोळ होतो का? भाड्याची गाडी पलीकडे नेता येते का? किरेनियातली हॉटेलं बरीच स्वस्त दिसतात, तिथे दोन रात्री राहावं का? आणि अधूनमधून तणावाच्या बातम्या येतात, त्यामुळे अचानक अडकून पडण्याची शक्यता कितपत?

नकाशेवाला:

आधी एक गोष्ट पक्की करून घ्या, बाकीची उत्तरं त्यातूनच निघतात. सायप्रस प्रजासत्ताकाच्या लेखी अख्खं बेट हा एकच देश आहे. 1974 च्या जुलै-ऑगस्टमध्ये तुर्की सैन्याने उत्तरेचा सुमारे 36 टक्के भाग घेतला, 1983 साली तिथे 'उत्तर सायप्रसचं तुर्की प्रजासत्ताक' जाहीर झालं, आणि आजही तुर्कस्तान सोडून कुणी त्याला मान्यता दिलेली नाही. भारतानेही नाही. म्हणून मधली हरितरेषा (दोन भागांमधली युद्धविराम रेषा) ही दक्षिणेच्या दृष्टीने आंतरराष्ट्रीय सीमा नाहीच. पलीकडे जाताना दक्षिणेचे पोलीस देश सोडल्याचा शिक्का मारत नाहीत. परत येताना पासपोर्ट आणि व्हिसा बघतात, आणि युरोपबाहेरच्या पासपोर्टधारकांचा जरा निरखूनच बघतात, कारण त्या रेषेवरून बेकायदा स्थलांतर बरंच होतं. व्हिसाची मुदत शिल्लक हवी आणि लार्नाकाचा प्रवेशशिक्का हवा. हॉटेलचं आरक्षण आणि परतीचं तिकीट छापून जवळ ठेवा.

उलट क्रम मात्र चुकूनही करू नका. उत्तरेतला एर्जान विमानतळ आणि किरेनिया, फामागुस्ता ही बंदरं प्रजासत्ताकाने बंद जाहीर केलेली आहेत. इस्तंबूलहून एर्जानला उतरून दक्षिणेत यायला गेलात तर कागदोपत्री तुमचा प्रवेशच बेकायदा ठरतो. युरोपीय नागरिकांचं त्यातून निभावतं, आपल्या पासपोर्टवर परत पाठवू शकतात. तिकिटं शोधताना एर्जान स्वस्त दिसतं, मोह आवरा.

उत्तरेचे स्वतःचे प्रवेशनियमही आहेत आणि ते राष्ट्रीयत्वानुसार बदलतात, तेव्हा निघण्याआधी भारतीयांसाठीचा ताजा नियम बघून घ्या. पूर्वी तिथे वेगळा व्हिसा-कागद भरावा लागे, 2015 पासून ती भानगड नाही. पासपोर्ट यंत्रात वाचून नोंद करतात. आणि हो, उत्तरेत पासपोर्ट हरवला तर भारताचं उच्चायुक्तालय निकोसियाच्या दक्षिण भागात आहे. त्यांचे अधिकारी पलीकडे येऊन तुमची सोडवणूक करतील असं गृहीत धरू नका.

निकोसियात राहणार असाल तर पहिली फेरी पायीच करा. लेड्रा स्ट्रीटचा नाका भर बाजारात आहे, 3 एप्रिल 2008 ला उघडला. दुकानांच्या रांगेत मध्येच दक्षिणेच्या पोलिसांची टपरी, मग दोन्ही बाजूंना बंद पडलेली घरं असलेला थोडा मोकळा तुकडा, आणि लगेच तुर्की सायप्रिओट (बेटावरच्या तुर्कीभाषकांच्या) बाजूची खिडकी. जुन्या शहरात हा संयुक्त राष्ट्रांच्या देखरेखीखालचा मधला पट्टा काही ठिकाणी चार मीटरही रुंद नाही, तर आथिएनूजवळ सात किलोमीटरहून जास्त आहे. एकूण लांबी सुमारे 180 किलोमीटर. पलीकडे 1572 सालची ब्युक हान ही सराई आणि सेलिमिये मशीद (मूळचं सेंट सोफिया कॅथेड्रल) पायी पाच-दहा मिनिटांवर आहेत.

चारचाकी:

गाडीचं सांगतो, कारण लोक हमखास फसतात ते इथेच.

दक्षिणेतली भाड्याची गाडी उत्तरेत नेता येते, पण कंपनीची लेखी परवानगी असेल तरच. काही कंपन्या साफ नाही म्हणतात, काही जादा पैसे घेतात. आरक्षणाच्या वेळीच विचारा आणि भाडेकरारावर तसं लिहून घ्या. काउंटरवरचं तोंडी 'चालेल' नाक्यावर उपयोगाचं नाही.

दक्षिणेचा विमा रेषेपलीकडे शून्य. तुर्की सायप्रिओट तपासणी झाली की शेजारीच विम्याची खिडकी असते, तिथे गाडीची नोंदणी आणि भाडेकरार दाखवून थोड्या दिवसांचा विमा काढावा लागतो. आता खरी मेख: तो फक्त समोरच्याच्या नुकसानीपुरता असतो. तुमच्या हातातली गाडी ठोकली, टायर फाटला, आरसा गेला, तर अख्खं बिल तुमच्या माथी. दक्षिणेत घेतलेलं 'पूर्ण संरक्षण' पॅकेज इथे कामाला येत नाही, आणि गाडी बंद पडली तर दक्षिणेची टोइंग गाडी पलीकडे येत नाही.

म्हणून किरेनियाला मी तरी गाडी नेणार नाही. लेड्रा स्ट्रीटवरून चालत पलीकडे जा, जुन्या तटबंदीच्या किरेनिया दरवाजाजवळून (तुर्कीत गिर्ने कापसी) शेअर मिनीबस सुटतात, त्यांना डोल्मुश म्हणतात. अंतर 25 किलोमीटरच्या आसपास. सेंट हिलारियनसाठी किरेनियाहून टॅक्सी करा आणि जाण्या-येण्याचं भाडं थांबण्यासकट आधी ठरवा. किल्ल्याकडे चढणारा रस्ता लष्करी हद्दीतून जातो, वाटेत थांबायला आणि फोटो काढायला मनाई आहे.

गाडी न्यायचीच असेल तर निकोसियाच्या पश्चिमेचा आयिओस दोमेतिओस (पलीकडचं नाव मेतेहान) हा नाका. शनिवार-रविवार टाळा. उत्तरेत लिरा घसरल्यापासून पेट्रोल भरायला दक्षिणेच्या गाड्यांची रीघ लागते. दोन्हीकडे गाड्या डाव्या बाजूनेच चालतात, ब्रिटिशांची कृपा. पाट्यांवरची नावं मात्र बदलतात: निकोसिया म्हणजे लेफ्कोशा, किरेनिया म्हणजे गिर्ने, फामागुस्ता म्हणजे गाझीमाउसा किंवा नुसतं माउसा. ही नावं कागदावर लिहून डॅशबोर्डवर ठेवा. उत्तरेत वेगाचे कॅमेरे पुष्कळ आहेत, आणि दंड थकला असेल तर परतताना अडवू शकतात.

आणि उत्तरेतून भाड्याने घेतलेली गाडी दक्षिणेत आणता येत नाही. तो बेत कुणी सुचवला तर सोडून द्या.

तिरकस:

हॉटेल 'स्वस्त' का आहे हा प्रश्न कुणीच विचारला नाही म्हणून लिहितो.

1974 मध्ये उत्तरेतल्या ग्रीक सायप्रिओटांना दक्षिणेत पळावं लागलं, आणि नंतर दक्षिणेतले तुर्की सायप्रिओट उत्तरेत गेले. दोन्हीकडे मागे घरं-जमिनी राहिल्या. उत्तरेत त्यातल्या बऱ्याच जमिनींवर नव्याने वाटप झालं, त्यावर हॉटेलं आणि सुट्टीची घरं उभी राहिली. मूळ मालकांचा हक्क संपलेला नाही, असं युरोपीय मानवाधिकार न्यायालयाने लोइझिदू खटल्यात 1996 साली सांगितलं. 2009 मध्ये युरोपीय संघाच्या न्यायालयाने ऑरम्स खटल्यात निकाल दिला की सायप्रसच्या न्यायालयाचा अशा जमिनीबद्दलचा हुकूम ब्रिटनमध्येही (तेव्हा तो संघात होता) बजावता येतो. मालकाच्या संमतीशिवाय अशी मालमत्ता विकणं, भाड्याने देणं, वापरायला देणं हा दक्षिणेच्या फौजदारी कायद्यात गुन्हा आहे, शिक्षा सात वर्षांपर्यंत. अलीकडे या कायद्याखाली विकासक आणि दलालांना अटकही झाली आहे.

दोन रात्री राहिलेल्या पर्यटकाला कुणी धरतं असं नाही, घाबरवायचा हेतू नाही. पण 'समुद्रकिनारी फ्लॅट, हप्त्यांवर' अशा जाहिराती किरेनिया आणि इस्केले भागात पावलोपावली दिसतात. त्या माहितीपत्रकावर सहीसुद्धा करू नका.

माझं मत विचाराल तर मुक्काम दक्षिणेत ठेवा, उत्तरेत दिवसभर फिरून परत या.

नकाशेवाला:

@तिरकस, कायद्याची बाजू बरोबर, पण शेवटचा सल्ला सरसकट पटत नाही. उत्तरेत 1974 च्या आधीपासून तुर्की सायप्रिओटांच्या मालकीची जागाही आहे, निकोसियाच्या जुन्या शहरात तर भरपूर. उत्तरेतल्या माणसांनी 2004 च्या अन्नान योजनेच्या (संयुक्त राष्ट्रांची एकीकरणाची योजना) सार्वमतात सुमारे 65 टक्के मतं एकीकरणाच्या बाजूने टाकली होती. दक्षिणेने 76 टक्क्यांनी ती फेटाळली. आठवड्याभराने, 1 मे 2004 ला, बेट युरोपीय संघात गेलं, उत्तरेत संघाचे कायदे मात्र स्थगित राहिले. सराईतल्या कारागिराकडून वस्तू घेतली, खानावळीत जेवलं, तर तो पैसा जमीन बळकावणाऱ्याकडे जातो असं म्हणणं जरा ताणलेलं आहे. मोठं रिसॉर्ट-कॅसिनो आणि जुन्या शहरातलं छोटं घरगुती निवासस्थान यांत फरक करावा. मालकाला जागेचा 1974 पूर्वीचा इतिहास सरळ विचारता येतो. मालकी जुनी असेल तर लोक आनंदाने सांगतात.

पायवाट:

सगळ्यांना धन्यवाद. मुक्काम दक्षिणेतच ठेवतो, किरेनिया पायी आणि मिनीबसने. फामागुस्तासाठी काय करावं? शिवाय फोन, पैसे, खरेदी यांत काही खाचाखोचा?

तिरकस:

फोन: निकोसियाच्या तटबंदीजवळ, दक्षिणेत उभं असतानाही फोन उत्तरेचं नेटवर्क पकडतो. युरोपीय संघाची रोमिंग सवलत तिथे लागू नाही, बिल बेफाम येतं. नेटवर्कची आपोआप निवड बंद करून दक्षिणेची कंपनी हाताने निवडा आणि पलीकडे पाऊल टाकण्याआधी डेटा बंद करा. नकाशे आधीच उतरवून ठेवा.

पैसे: उत्तरेत तुर्की लिरा. युरो बहुतेक दुकानदार घेतात, पण दर आपल्या सोयीचा लावतात. कार्ड बरं पडतं. मिनीबससाठी सुट्टे लिरा जवळ हवेतच.

खरेदी: परतताना दक्षिणेचा कस्टम्सवाला पिशवी उघडायला लावू शकतो. माणशी 40 सिगारेटी, एक लिटर मद्य, आणि बाकी माल मिळून 260 युरोपर्यंत. मांस, दूध, चीज आणू नका, काढून घेतात. हलूमी या तिथल्या चीजचा तुकडासुद्धा. नकली ब्रँडच्या पिशव्या-बूट उत्तरेच्या बाजारात ढिगाने मिळतात, तेही जप्त होतात. प्रवासविमा घेताना 'उत्तर सायप्रस' वगळलेलं नाही ना, हे बारीक अक्षरांत वाचा.

चारचाकी:

फामागुस्तासाठी निकोसियाऐवजी लार्नाकाहून निघा, शेवटचा मुक्काम तिथेच असेल तर उत्तम. दोन पर्याय. डेरिनिया नाका 2018 च्या नोव्हेंबरमध्ये उघडला, तो फामागुस्ताच्या अगदी जवळ आहे. दुसरा स्ट्रोविलिया, पण तो ढेकेलिया या ब्रिटिश लष्करी तळाच्या हद्दीत येतो, दक्षिण बाजूला ब्रिटिश तळाचे पोलीस आणि कस्टम्स असतात. गाडी दक्षिणेतच लावून डेरिनियाला चालत पलीकडे जायचं आणि टॅक्सी घ्यायची, म्हणजे विम्याची कटकटच नको.

आधी सालामिस हे प्राचीन शहर करा, शहराच्या उत्तरेला सहाएक किलोमीटरवर. अवशेष उघड्यावर आहेत, सावली जवळजवळ नाही, म्हणून सकाळीच. मग तटबंदीतलं जुनं शहर: ऑथेल्लोचा बुरूज आणि लाला मुस्तफा पाशा मशीद, म्हणजे चौदाव्या शतकातलं सेंट निकोलस कॅथेड्रल. नमाजाच्या वेळी आत सोडत नाहीत, तेव्हा वेळ बघून जा. वारोशा शेवटी.

नकाशेवाला:

वारोशाबद्दल थोडं. 1974 पर्यंत बेटाचं पर्यटन तिथे एकवटलं होतं. ऑगस्टमध्ये रहिवासी निघून गेले आणि तुर्की सैन्याने कुंपण घातलं. निकोसियाचा विमानतळही मधल्या पट्ट्यात अडकून बंद पडला. त्याची टर्मिनल इमारत 1968 चीच, आणि सायप्रस एअरवेजचं एक ट्रायडंट विमान अजून तिथे सडतंय. तुम्ही उतरणार तो लार्नाका विमानतळ म्हणूनच 1975 मध्ये घाईने सुरू झाला. (तेव्हा संयुक्त राष्ट्रांच्या फौजेचे सेनापती आपले दिवाण प्रेमचंद होते. त्यांच्याआधी कधीतरी तेच पद सांभाळलेले जनरल थिमय्या 1965 मध्ये निकोसियातच वारले.)

8 ऑक्टोबर 2020 ला वारोशाचा काही भाग लोकांसाठी उघडला. सुरक्षा परिषदेच्या 1984 च्या 550 क्रमांकाच्या ठरावाशी हे विसंगत असल्याने दक्षिणेत त्याचा राग आहे. आत डांबरी रस्ते नीट केलेत, सायकली भाड्याने मिळतात, दोरीपलीकडे इमारतींत शिरायला बंदी आहे. फुटलेल्या बाल्कन्या, खोल्यांतून उगवलेली झाडं, दुकानांच्या विटलेल्या पाट्या. रस्त्यावरून फोटो चालतात, पण सैनिक, चौक्या आणि लाल सूचनाफलक असतील तिकडे कॅमेरा वळवू नका. ड्रोन तर आणूच नका. आणि पोज देऊन हसरे फोटो टाळलेत तर बरं, ज्यांची ती घरं आहेत तेही तिथे फिरताना दिसतात.

अडकण्याबद्दल: पर्यटकांवर हिंसा होत नाही. नाके मात्र राजकारणाच्या मर्जीवर चालतात. 23 एप्रिल 2003 ला ते पहिल्यांदा उघडले तेही अचानक. 29 फेब्रुवारी 2020 ला दक्षिणेने करोनाचं कारण देऊन लेड्रा स्ट्रीटसह चार नाके बंद केले, सगळे पूर्ववत व्हायला जून 2021 उजाडला. ऑगस्ट 2023 मध्ये पिला गावाजवळच्या रस्त्याच्या वादातून तुर्की सायप्रिओट बाजूकडून संयुक्त राष्ट्रांच्या सैनिकांना मारहाण झाली, पिलाच्या आसपास जाणार असाल तर त्या आठवड्याच्या बातम्या बघा. तारखांमध्ये 15 आणि 20 जुलै (1974 च्या घटनांची आठवण म्हणून दक्षिणेत 15 ला सकाळी आणि 20 ला पहाटे भोंगे वाजतात, उत्तरेत 20 ला संचलन) आणि 15 नोव्हेंबर (उत्तरेच्या 1983 च्या घोषणेचा दिवस, निकोसियात लेड्रा पॅलेस नाक्याजवळ निदर्शनं) टाळा. तुमच्या ऑक्टोबरअखेरीत 28 तारीख येते, तो ग्रीकांचा राष्ट्रीय दिवस, दक्षिणेत सुट्टी आणि संचलन असतं. उत्तरेत 29 ला तुर्की प्रजासत्ताक दिन असतो. त्या दोन दिवशी शहरातले रस्ते बंद मिळतील, तेवढे पाफोसला घालवा आणि उत्तरेच्या दोन्ही फेऱ्या त्याआधी उरकून घ्या.