'प्लेझर' आणि 'हॅपिनेस' या दोहोंना 'सुख' म्हणावे का?

प्रश्न – अनुवादिका

नीतिशास्त्राच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांसाठी इंग्लिश तत्त्वज्ञ जॉन स्टुअर्ट मिलच्या उपयुक्ततावादावरील (म्हणजे अधिकाधिक लोकांचे अधिकाधिक 'हॅपिनेस' हीच योग्य कृतीची कसोटी मानणाऱ्या मतावरील) काही उतारे मराठीत आणण्याचे काम माझ्याकडे आले आहे, आणि ते एका वाक्यापाशी अडले आहे. 'युटिलिटेरियनिझम' या ग्रंथाच्या दुसऱ्या प्रकरणाच्या आरंभी मिल 'हॅपिनेस'ची व्याख्या करतो, ती अशी की 'हॅपिनेस' म्हणजे 'प्लेझर' असणे आणि 'पेन' नसणे. शब्दकोशात पहिल्या दोन्ही शब्दांपुढे 'सुख' दिलेले असल्यामुळे माझे वाक्य 'सुख म्हणजे सुख आणि दुःखाचा अभाव' असे होते, आणि ते वर्गात वाचून दाखवण्याची माझी हिंमत नाही.

'प्लेझर'साठी 'आनंद' योजून पाहिला. परंतु पुढे मिल केवळ इंद्रियांच्या, खालच्या प्रतीच्या 'प्लेझर'विषयी लिहू लागतो, आणि ज्या शब्दाची आपल्याकडे ब्रह्मानंदापर्यंत मजल गेलेली आहे, तो खाण्यापिण्याच्या तृप्तीला लावताना कानाला खटकतो. 'मौज' आणि 'मजा' हे शब्द तर मिलच्या तोंडी शोभतच नाहीत. इंग्रजी सहज वाचणाऱ्याला या शब्दांमध्ये नेमका कोणता फरक जाणवतो, हे कोणी सविस्तर सांगू शकेल काय?

उत्तर – जुना मास्तर

या शब्दांतील फरक तीव्रतेचा आहे, असे समजून चालल्यामुळेच बहुतेक घोटाळे होतात. 'प्लेझर' म्हणजे थोडा आनंद आणि 'जॉय' म्हणजे पुष्कळ आनंद, असे शिकवले जाते खरे, पण इंग्रजी वाक्यांत ते टिकत नाही.

'प्लेझर' हे नेहमी कशापासून तरी मिळते: वाचनापासून, उन्हातून घरी आल्यावर प्यालेल्या माठातल्या पाण्यापासून, एखाद्याच्या भेटीपासून. म्हणूनच त्याचे अनेकवचन सहज होते आणि ती मोजता येतात. 'हॅपिनेस' मात्र माणसाच्या एकंदर अवस्थेला किंवा आयुष्याला लागू पडते. बालपण 'हॅपी' असू शकते. ते 'प्लेझरेबल' होते असे कोणी म्हणत नाही. अनेकवचन करून पाहणे ही माझ्या मते सर्वांत सोपी कसोटी आहे, आणि योगायोगाने ती मराठीतही उपयोगी पडते, कारण आपण 'सगळी सुखे' म्हणतो, परंतु 'सगळे आनंद' असे क्वचितच म्हणतो.

दुसरी गोष्ट अशी की 'प्लेझर' नैतिकदृष्ट्या तटस्थ आहे. दुसऱ्याची फजिती पाहून माणूस 'प्लेझर' घेतो, हे वाक्य इंग्रजीत अगदी स्वाभाविक आहे. तेथे 'जॉय' घातला तर वाक्य विचित्र तरी होते किंवा उपरोधिक तरी. मिलच्या आधीचा उपयुक्ततावादी विचारवंत जेरेमी बेंथम याने १७८९ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात साध्या 'प्लेझर'चे १४ प्रकार दिले आहेत. त्यांत स्नेह, लौकिक, भक्ती आणि परोपकार यांच्या पंक्तीला दुष्टाव्यापासून मिळणारे 'प्लेझर'ही निःसंकोचपणे बसवले आहे. 'जॉय'ची अशी यादी करणे कठीण आहे. तो उचंबळून येतो, कधी कारणावाचूनही येतो, आणि त्याला एक प्रकारची प्रतिष्ठा असते. 'डिलाइट'मध्ये बहुधा थोडे अनपेक्षित असे काही असते.

'एन्जॉयमेंट' हे त्या क्रियेत रमलेले असतानाचे असते, आणि म्हणूनच त्या क्रियापदाला कर्म लागते. 'आम्ही खूप एन्जॉय केले' या मराठीवरून बेतलेले, कर्म नसलेले इंग्रजी वाक्य मी उत्तरपत्रिकांत आयुष्यभर खोडत आलो. त्याच क्रियापदाचा दुसरा अर्थ उपभोगणे असा आहे. हक्क, मालमत्ता आणि आरोग्य यांना ते लावताना कोणी हसले की नाही, हा प्रश्नच उद्भवत नाही.

उत्तर – कायद्याचा विद्यार्थी

वरील विवेचनात एक बाजू राहिली आहे. आपल्या संविधानाच्या अनुच्छेद १५६ नुसार राज्यपाल आणि अनुच्छेद ३१० नुसार संघराज्याच्या सेवेतील अधिकारी राष्ट्रपतींच्या 'प्लेझर'पर्यंत पद धारण करतात. हिंदीत तेथे 'प्रसाद' आहे, मराठीत 'मर्जी'. इंग्लंडमध्ये १८ वर्षांखालील व्यक्तीने खून केला, तर तिला राजाच्या 'प्लेझर'पर्यंत स्थानबद्ध ठेवण्याची शिक्षा होते. यांत राजाला काही सुख होत आहे, असा अर्थ अर्थातच कोणी घेत नाही. 'जॉय', 'डिलाइट' किंवा 'हॅपिनेस' यांपैकी एकही शब्द या जागी बसत नाही, आणि 'प्लेझर'चे वेगळेपण मला येथेच सर्वांत ठळक दिसते: तो शब्द संवेदनेचा आहे तसाच इच्छेचाही आहे.

मराठी माणसाला हे जड जाऊ नये. 'तुमची खुशी' असे आपण म्हणतो तेव्हा समोरचा आनंदात आहे असे आपल्याला सांगायचे नसते; तुम्हाला वाटेल ते करा, एवढाच त्याचा अर्थ असतो. ('राजीखुशीने' सही केल्याचा मजकूर दस्तऐवजांत असतो, सही करणाऱ्याचा चेहरा कसाही असो.) अर्थात मर्जी म्हणजे लहर नव्हे. राज्यपालांना मनमानी पद्धतीने दूर करता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २०१० साली स्पष्ट केले आहे, आणि शासकीय सेवकांच्या बाबतीत त्या मर्जीला अनुच्छेद ३११ चा लगाम आहे.

उत्तर – पूर्वपक्ष

मिलच्या वाक्यात मर्जीचा अर्थ चालणार नाही, हे उघड आहे. तरीही इच्छेचा तो धागा सोडू नये, कारण 'प्लेझर'च्या मुळाशी असलेल्या लॅटिन क्रियापदाचा अर्थ रुचणे, पसंत पडणे असा आहे. अन्नंभट्टाच्या तर्कसंग्रह या न्यायशास्त्रावरील संस्कृत ग्रंथात सुखाची व्याख्या 'सर्वांना जे अनुकूल वाटते ते' आणि दुःखाची 'जे प्रतिकूल वाटते ते' अशी केलेली आहे. 'प्लेझर' आणि 'पेन' या जोडीला याहून जवळची जोडी शोधूनही सापडणार नाही. लोकमान्य टिळकांनीही गीतारहस्यात या पाश्चात्य मतांचा परामर्श 'आधिभौतिक सुखवाद' याच नावाखाली घेतला आणि पुढच्या प्रकरणाला 'सुखदुःखविवेक' म्हटले. तेव्हा 'सुख' हा शब्द 'प्लेझर'साठीच राखावा आणि 'हॅपिनेस'ला दुसरे घर द्यावे, असे माझे स्पष्ट मत आहे. मी 'सौख्य' सुचवीन.

उत्तर – जुना मास्तर

'सौख्य' व्युत्पत्तीने 'सुख' या शब्दातूनच आलेले आहे, आणि आज त्याला लग्नपत्रिकेचा वास येतो. त्यापेक्षा नामाचा हट्ट सोडून 'सुखी असणे' म्हणावे. सुखे अनेक आणि सुखी असणे ही एक अवस्था, हा भेद वाचकाला टीपेवाचून कळतो.

अनुवादिका

आपणा सर्वांची आभारी आहे. व्याख्येपुरते मी असे लिहिले आहे: 'सुखी असणे म्हणजे सुखाची प्राप्ती आणि दुःखाचा अभाव; सुखी नसणे म्हणजे दुःख आणि सुखापासून वंचित राहणे.' खालच्या आणि वरच्या प्रतीच्या 'प्लेझर'साठी 'कनिष्ठ सुखे' आणि 'श्रेष्ठ सुखे' हे शब्द आता निर्धास्तपणे वापरता येतात. जेथे नामाखेरीज गत्यंतर नाही, विशेषतः अधिकाधिक लोकांच्या अधिकाधिक 'हॅपिनेस'चे तत्त्व मांडताना, तेथे मात्र लग्नपत्रिकेचा वास पत्करून 'सौख्य' ठेवत आहे.