वर्गणी दिव्यांसाठी की म्हाताऱ्यांसाठी?

गॅलरीतून
परवा ‘सरळमार्गी’ यांनी लिहिलं: ‘रहिवासी संघाने दिवे, रस्ते, झाडं बघावीत. म्हाताऱ्यांना बघायला त्यांची मुलं आहेत. माझ्या वर्गणीतून समाजसेवा नको.’ त्यावर इतक्या जणांनी माना डोलावल्या की राहवलं नाही.

मुळात ही दोन वेगळी खाती आहेत हेच मला मान्य नाही. दिवा गेला तर तुम्ही मोबाइलचा टॉर्च लावून पुढे जाता; ऐंशीच्या बाई अंधार पडल्यावर उतरणंच सोडतात. उखडलेल्या फरशीवर तुम्हाला ठेच लागते, त्यांचा खुबा मोडतो. जागतिक आरोग्य संघटनेने २००७ मध्ये ३३ शहरांतून माहिती घेऊन वृद्धस्नेही शहरांची मार्गदर्शिका काढली. तिच्यातला पहिलाच विषय मोकळ्या जागा आणि इमारती हा आहे. आरोग्यसेवेचा नंबर शेवटी लागतो.

आणि मुलं म्हणाल, तर ज्यांना झालीच नाहीत त्यांनी काय करायचं? ज्यांची मुलंच सत्तरीला टेकलीत त्यांनी?

मागणी एवढीच: एकट्या राहणाऱ्यांची यादी (त्यांना विचारून), दिवसातून एक फोन, दुसरी किल्ली कोणाकडे असते त्याची नोंद. यात वर्गणी जाते कुठे?

सरळमार्गी
माझं सोयीचं तेवढं वाक्य उचललंत. त्याच प्रतिसादात ‘ज्याला करायचंय त्याने जरूर करावं’ असंही होतं.

फोन करणार कोण? सुरुवातीला उत्साहाला भरती, मग सगळं सेक्रेटरीच्या गळ्यात. ज्या दिवशी फोन राहिला त्याच दिवशी कोणी पडलं तर सभेत कोणाला उभं करणार? किल्ली संघाकडे आणि घरातली बांगडी सापडेना, मग? खजिनदारकी केलीय मी. एका दिव्याच्या बिलावरून चोर ठरलो होतो.

उंबरठा
किल्ली ज्याची त्याने आपल्या विश्वासातल्या शेजाऱ्याकडे ठेवावी, संघाने फक्त नाव लिहून घ्यावं. धागाकर्त्यांनी तेच लिहिलंय, नीट वाचा.

माझं दुखणं वेगळं. आमच्या संघाने ‘सुशोभीकरण’ केलं आणि पाठ नसलेले, ढोपराच्या खाली जाणारे दगडी बाक टाकले. फोटो झकास आले. आईला बसवता येतं, उठवायला दोघं लागतात. हाताला दांडे नाहीत तर म्हातारं माणूस रेटा कशावर देणार?

रात्रपाळी
बाकाचं नाव काढू नका! माझ्या खिडकीखाली एक होता. रात्री दीडपर्यंत टोळकं, खिदळणं, गाणी. म्हातारं माणूस तिथे एकही दिसलं नाही. तक्रारी करकरून काढायला लावला, आता झोप लागते.

उंबरठा
म्हणजे तुमच्यासारख्यांमुळेच! दोन वळणांमध्ये टेकायला जागा नसली की आई फाटकापासूनच माघारी फिरते. टोळक्याला हटकायची हिंमत नाही, म्हणून बाक उपटायचा.

रात्रपाळी
हिंमत काढू नका. शिव्या खाल्ल्यात मी, तुम्ही तेव्हा घोरत होतात.

मोजपट्टी
अवांतर: बाकावरून डोकी फोडताय, उतार कोणी पाहिलाय? फूटभर उंचीला निदान बारा फूट लांबीचा उतार लागतो. आमच्याकडे चार फुटांत उरकला. चाकाची खुर्ची त्यावर चढत नाही, कोसळते. वर कोनशिलेवर अख्ख्या कार्यकारिणीची नावं!

गॅलरीतून
@सरळमार्गी, शिकागोत जुलै १९९५ मध्ये उष्णतेची लाट आली, सातशेच्या वर माणसं गेली. त्यांत एकटे राहणारे वृद्ध पुष्कळ. लागून असलेल्या दोन वस्त्या, गरिबी दोन्हीकडे, एकटे म्हातारे दोन्हीकडे. पण एकीचे रस्ते ओस पडलेले आणि दुसरीत दुकानं, वर्दळ. दुसरीत मृत्यू फारच कमी झाले. घराबाहेर पडावंसं वाटलं, तर माणूस कोणाच्या तरी नजरेत राहतो.

सरळमार्गी
छान. आता संघाने दुकानंही थाटावीत. बरं, दिवे आणि फरशीचं पटलं, ते माझ्याच यादीत होतं. श्रेय तुम्ही घ्या.

पांढरे केस
इतका वेळ ज्यांच्याविषयी चाललंय त्यांतली मी एक. वय अठ्ठ्याहत्तर, एकटी राहते. मला विचारलं कोणी? रोज ‘आजी, बऱ्या आहात ना’ ऐकून मी फोन उचलायचं बंद करीन. फोन करणाऱ्यांच्या यादीत माझं नाव घाला. सकाळी मला वेळच वेळ असतो, आणि कोण खरं बोलतंय ते आवाजावरून कळतं. आयुष्यभर हिशेब तपासले. संघाचे कागद द्या, दिव्याच्या बिलाचंही बघते. मदत म्हटली की आम्ही कायम घेणाऱ्यांच्याच रांगेत का?

आणि रात्रपाळी, बाक हवाच. तुमच्या खिडकीपासून लांब, पण दिव्याखाली.

रात्रपाळी
लांब म्हणजे कोणाच्या खिडकीखाली, तेही ठरवा. मी गप्प बसतो.

उंबरठा
आमच्या टाका. दांडे लावून.

सरळमार्गी
आजींना हिशेब तपासायला द्यायला माझी हरकत नाही, उलट सुटलो. फोनचा ठराव लिहून आणा. त्यात ‘सक्ती नाही’ आणि ‘संघ जबाबदार नाही’ हे दोन्ही नसेल, तर माझा हात विरोधात वर.