लेन्स विकायच्या आधी वेळ बदलून पाहा

भाऊ, ७०-३०० मिमीच्या झूम लेन्सने काढलेले सारस मऊ, म्हणजे धूसर कडांचे येतात म्हणून ती विकून १५०-६०० मिमीची घेऊ का, असं विचारलंय तुम्ही. थांबा जरा. फोटो दुपारी साडेबाराचे आहेत म्हणता. एप्रिलात आमच्या गोंदियाकडं बांध्या (धानाची शेतं) तापल्या की जमिनीलगतची हवा नुसती थरथरते, गरम-थंड थरांतून प्रकाश वाकडातिकडा येतो आणि सारसाची मान कडेला विरघळल्यासारखी दिसते. ६०० वर तेच अजून मोठं दिसेल, बस. मी दोन उन्हाळे लेन्सलाच शिव्या घातल्या, दुरुस्तीवाल्याला पैसेही देऊन आलो! सकाळी सातच्या आत बोडीच्या (लहान तळ्याच्या) पाळीवर बसा, मग बोलू.

शटरचंही बघा. १.५ क्रॉपवर, म्हणजे फुल-फ्रेमपेक्षा दीडपट लहान सेन्सरच्या कॅमेऱ्यावर, ३०० म्हणजे ४५० सारखं, त्यामुळे हातात धरून शटर १/५०० सेकंदापेक्षा हळू नको. उडता पक्षी असेल तर १/१६०० तरी ठेवा. आयएसओ (सेन्सरची प्रकाशाला संवेदनशीलता) ८०० वर गेला तर जाऊ द्या. फोटोत दाणे दिसले तरी चालतात, हललेला फोटो कशानंच सुधारत नाही. लेन्सचं छिद्र (अॅपर्चर) एफ ५.६ ऐवजी थोडं लहान, एफ ८ वरही एकदा काढून बघा, ३०० च्या टोकाला बऱ्याच झूम लेन्स तिथं सुधारतात.

ट्रायपॉड नसला तर कापडी पिशवीत दोनेक किलो धान भरून धुऱ्यावर (शेताच्या बांधावर) ठेवा आणि लेन्स तिच्यात रुतवा. माझी पिशवी आजीच्या लुगड्याची आहे. घरी आल्यावर ती कॅमेऱ्याच्या बॅगेत मात्र ठेवू नका. उंदरांनी माझा पट्टा अर्धा खाल्लाय.