शनिवारची तालीम आणि कांजिण्या

नाटकातल्या माकडाची आई, मंगळवार :
सप्रेम नमस्कार. काल सकाळी धाकट्याच्या पोटावर फोड दिसले आणि संध्याकाळपर्यंत त्या कांजिण्याच असल्याचे स्पष्ट झाले. ताप किरकोळ आहे, तो खेळतोही आहे. मात्र खाजेमुळे रात्री झोपत नाही. शनिवारी त्याला आणावे का, हे कृपया कळवावे.

तालीम समिती :
शनिवारी पाच दिवस पूर्ण होतात आणि येथील शाळाही साधारण तेवढ्याच दिवसांनी मुलांना परत घेतात, त्यामुळे आमची हरकत नाही. गणपतीत झाले तसे ऐनवेळी पात्र बदलणे आता शक्य नाही.

मोठ्या काकू :
आमच्या लहानपणी खपली धरेपर्यंत मूल घराबाहेर पडत नसे, अंथरुणात कडुलिंबाचा पाला असे, घरात फोडणी बंद असे आणि नऊ दिवस अंगाला पाणी लागत नसे. पाला इथे मिळणार नाही, पण आंघोळ तरी टाळावी.

वाचनालयाच्या ताई (पेशाने परिचारिका) :
काकूंचे खपलीबद्दलचे म्हणणे बरोबर आहे, आंघोळीबद्दलचे नाही. कोमट पाण्याने आंघोळ घालून अंग न चोळता टिपावे, नखे कापावीत, रात्री हातांत मोजे घालावेत, कॅलामाइन लावावे. तापासाठी वयानुसार पॅरासिटामॉल द्यावे. आयब्युप्रोफेनमुळे कांजिण्यांत त्वचेचा गंभीर संसर्ग होऊ शकतो, म्हणून ते डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय देऊ नये, आणि ॲस्पिरिन तर मुलांना नाहीच. पाच दिवस हा केवळ अंदाज आहे, शेवटचा फोड सुकला की नाही तेवढेच पाहायचे.

परंतु आपण सगळे येत्या शनिवारवर वाद घालत आहोत आणि संसर्ग फोड दिसण्याच्या दोन दिवस आधीपासून होतो, म्हणजे प्रश्न गेल्या शनिवारचा आहे. पेटीवरच्या ताईंना सातवा महिना आहे आणि त्या दोन तास त्याच्या शेजारी होत्या. उष्ण देशांत वाढलेल्या अनेकांना लहानपणी कांजिण्या होतच नाहीत, तेव्हा झाल्या असतीलच असे गृहीत न धरता त्यांनी आजच मिडवाइफला फोन करावा.

पेटीवाल्या ताई :
केला. मला लहानपणी गोवर झाला होता की कांजिण्या, हे पुण्यात आईलाही नक्की आठवत नाही, म्हणून उद्या सकाळी रक्त तपासायला बोलावले आहे.

तालीम समिती :
मग माकडाचे काय ठरले?

माकडाची आई, शुक्रवार :
पाठीवरचे दोन फोड अजून ओले आहेत, तो येणार नाही. शेपूट गरम पाण्यात धुऊन वाळत घातले आहे, पुढच्या आठवड्यात घेऊन येते.