‘देवावर हवाला’ म्हणजे भरवसा की हात झटकणं?

मोसंबीवाला (जालना)
एका ख्रिस्ती मित्राची छोटी पुस्तिका मराठीत करून देतोय, तिथं अडलोय. विषय असा की प्रार्थनेत मागायचं ते खुशाल मागावं, पण उत्तर कसं यावं हे देवाला सांगू नये. बायबलमधल्या दानीएलच्या पुस्तकातले तीन तरुण त्यांना पेटत्या भट्टीत टाकायला निघालेल्या राजाला म्हणतात, आमचा देव भट्टीतून सोडवायला समर्थ आहे. आणि नाही सोडवलं, तरी तुझ्या सोन्याच्या मूर्तीपुढं वाकणार नाही. या ‘नाही सोडवलं तरी’ला शब्द हवाय. ‘बिनशर्त विश्वास’ लिहिलं तर मित्र म्हणाला, सरकारला बाहेरून पाठिंबा दिल्यासारखं वाटतंय. मग ‘देवावर हवाला ठेवून’ केलं. त्यावर आमच्या घरात निकाल लागला: “म्हणजे पेरणी न करता बांधावर बसलेला माणूस.” तुमच्याकडं काय अर्थ घेतात?

निवृत्त_मास्तर
शर्त अरबी, हवालाही अरबी. ‘निरपेक्ष श्रद्धा’ असा स्वच्छ शब्द असताना ही उसनवारी कशाला?

तेरणाकाठ
मास्तर, निरपेक्ष म्हणजे अपेक्षाच नसलेला. त्या पोरांना जगायचं होतं की! अपेक्षा आहे, अट नाही. तुमचा शब्द स्वच्छ आहे, पण चुकीच्या जागी.

बालाघाट
हवाल्यात वाईट काही नव्हतं. मूळ अर्थ सोपवणं. ज्याच्या हवाली गड, तो हवालदार. ‘लेकरू मामाच्या हवाली केलं’ यात कुणाला आळस दिसत नाही. पण ‘देवावर हवाला’ म्हटलं की आमच्या बीडकडंही खाटेवर पडलेला माणूसच दिसतो. त्यात काळ्या पैशाच्या जैन हवाला प्रकरणानं शब्दाची उरलीसुरली अब्रू घालवली.

आजीची गोष्ट सांगतो, मग तुम्हीच शब्द काढा. 1972 चा दुष्काळ. पावसासाठी गावानं महादेवाचा गाभारा घागरींनी भरला, पिंड बुडेस्तोवर. आडात गाळ, अन् देवाला घागरी! आजी भडकली, “प्यायला न्हाई, अन् त्याला कोंडायला हाय व्हय?” ती गेली नाही. घरच्या देवापुढं दिवा लावला, म्हणाली, “पाऊस दे. न्हाई दिलास तरी दिवा हायेच. तुझं तू बघ, माझं मी बघते,” आणि दुष्काळी कामावर खडी फोडायला निघून गेली. हे सगळं वडिलांच्या तोंडून ऐकलेलं.

तेरणाकाठ
व्वा. ‘देव पाण्यात घालून बसणे’ हा वाक्प्रचार मुळात अटीचाच आहे ना: दे, नाहीतर बस बुडून. आता निकालाच्या आदल्या रात्री उमेदवाराची माणसं देव पाण्यात घालतात. तुळजापूरला चिंतामणी आहे, गोल दगड. त्यावर हात ठेवून मनात प्रश्न धरायचा. उजवीकडं फिरला तर होय, डावीकडं तर नाही, जागचा हलला नाही तर उशिरानं, अशी श्रद्धा. म्हणजे देवीला उत्तराला तीनच घरं. मी बारावीच्या निकालाआधी हात ठेवला होता. काय आलं ते विचारू नका. आणि त्याला म्हणायचं ‘कौल’. तोही अरबीच, शब्द, वचन. शेतसाऱ्याचा करार तो कौलनामा.

निवृत्त_मास्तर
म्हणजे देवाशी बोलायचीसुद्धा कचेरीचीच भाषा. निजामाची कृपा.

बालाघाट
निजामाला फुकट श्रेय देऊ नका. शिवकाळात गडावर हवालदार होताच. 17 सप्टेंबर 1948 ला निजाम गेला, शब्द गेले का?

गोदाकाठची (नांदेड)
कचेरीच्या भाषेला एवढं नाक मुरडू नका. आमच्या शेजारी गुरुद्वाऱ्यात रोज अरदास, म्हणजे शिखांची प्रार्थना, होते. तो शब्द फारसी ‘अर्जदाश्त’वरून, म्हणजे लेखी अर्जच. पण त्या अर्जाचा शेवट ऐका: ‘तेरे भाणे सरबत दा भला’. भाणा म्हणजे त्याची मर्जी. अर्ज करून झाल्यावर शेवटी तुझ्या मर्जीत सगळ्यांचं भलं होवो. मोसंबीवाले, तुमच्या मित्राच्या प्रार्थनेत ‘तुझ्या इच्छेप्रमाणे होवो’ आहे, ते याहून वेगळं काय?

बायकांच्या बोलण्यातलं ‘ओटीत घातलं’ पण बघा. माझी आई आजारी लेकराबद्दल म्हणायची, “देवीच्या ओटीत घातलंय.” आणि औषधही वेळेवर द्यायची.

तेरणाकाठ
ताई, ‘ओटीत घातलं’ जपून. आमच्या भागात देवीला मुली सोडायची चाल होती. काहींच्या कानाला ते तसंच लागतं.

गोदाकाठची (नांदेड)
‘सोडली’ वेगळं, ‘ओटीत घातलं’ वेगळं. दोन्ही एकाच सुपात पाखडू नका.

मोसंबीवाला (जालना)
भांडा, पण मला शनिवारी छापायला द्यायचंय. सध्या ‘साकडं घालताना अट न घालता’ असं लिहिलंय.

निवृत्त_मास्तर
साकडं हे ‘संकट’वरून. साकडं घालणं म्हणजे देवाला पेचात पकडणं. अट त्यातच आली! आजीचं ‘तुझं तू बघ’ घेता आलं असतं, पण छापील प्रार्थनेत उद्धट वाटेल.

बालाघाट
मास्तर, विठ्ठलाला अरेतुरे करणाऱ्या मुलखात उद्धट?

तेरणाकाठ
उद्धटपणाचं सोडा. बीडची म्हातारी ‘बघ’ कशी म्हणेल? ‘पाह्य’ म्हणेल. ही गोष्ट कुणीतरी पुण्यात धुऊन आणलेली दिसतेय.

बालाघाट
आजीचं माहेर नगरकडचं. ती ‘बघ’च म्हणायची, आजोबा ‘पाह्य’. पन्नास वर्षं एका घरात राहून दोघांनी क्रियापद बदललं नाही.

गोदाकाठची (नांदेड)
नांदेडला तर ‘बग’. ह ऐकूच येत नाही. यावर वेगळा धागा काढा कुणीतरी.