कंपनी विकली गेली, सॉफ्टवेअर गुंडाळलं. आता ग्राहकाने काय करायचं?

गोदामकर
आमच्या गोदामाचा सगळा हिशोब अकरा वर्षं एकाच सॉफ्टवेअरवर चालतोय. ते बनवणारी कंपनी गेल्या वर्षी दुसऱ्या कंपनीने घेतली. तेव्हा ईमेल आला, 'तुमच्यासाठी काहीही बदलणार नाही'. परवा दुसरा आला: अठरा महिन्यांनी सपोर्ट बंद, आमच्या प्रॉडक्टवर या, सवलत देऊ.

त्यांचं प्रॉडक्ट बघितलं. परत आलेल्या मालाला त्यात एकच कोड. आमच्याकडे चार आहेत: फुटलेला, मुदत संपलेला, चुकून गेलेला, आणि काही खोट नसताना केवळ गिऱ्हाईक रुसलं म्हणून परत घेतलेला. या चौथ्याचा हिशोब वेगळा लागतो, आणि तो का लागतो हे कळायला आम्हालाच तीन वर्षं लागली होती.

कंपनी घेताना तिची देणी घेता ना? मग तिने दिलेला शब्दही घ्या. किमान पाच वर्षं सपोर्ट, नाहीतर सोर्स कोड, म्हणजे प्रोग्रॅमरने लिहिलेला सॉफ्टवेअरचा मूळ मजकूर, ग्राहकांच्या हवाली. कायदाच हवा असा.

करारपत्र
शब्द कुठे दिलाय ते दाखवा. ईमेल म्हणजे करार नव्हे. कायमस्वरूपी परवाना म्हणजे आहे ती आवृत्ती वापरायचा हक्क. सपोर्ट वेगळा, तो तुम्ही वर्षावर्षाने घेत होतात. स्वतः एकेका वर्षाची सही करायची आणि समोरच्याने पाच वर्षं बांधून घ्यावं म्हणायचं, हे कसं काय?

टेबलाखालचं_मशीन
मी विकणाऱ्यांच्या बाजूची. आमचं प्रॉडक्ट असंच विलीनीकरणात गेलं. सात जणांची टीम, त्यातले पाच जण सहा महिन्यांत सोडून गेले. बिल्ड, म्हणजे कोडमधून चालणारं सॉफ्टवेअर तयार करण्याचं काम, फक्त एका जुन्या मशीनवर व्हायचा. ते टेबलाखाली असायचं, वर चिठ्ठी: 'कृपया बंद करू नये'. सपोर्ट चालू आहे असं तेव्हा आम्ही सांगत होतो. खरं म्हणजे फोन उचलत होतो, इतकंच.

गोदामकर, असा सोर्स कोड तुमच्या हाती दिला तर त्याचं काय कराल? राग मानू नका, खरंच विचारतेय.

जुनी_फाईल
ग्राहक अगदीच हतबल असतो असं नाही. २००३ मध्ये ओरॅकलने पीपलसॉफ्ट ही दुसरी सॉफ्टवेअर कंपनी विकत घ्यायला बोली लावली तेव्हा पीपलसॉफ्टने नव्या ग्राहकांना करारातच लिहून दिलं होतं: कंपनी ताब्यात गेली आणि सपोर्टला कात्री लागली, तर परवाना शुल्काच्या दुप्पट ते पाचपट रक्कम परत. यात ग्राहकप्रेम किती आणि विकत घेणाऱ्याच्या वाटेत काटे पेरणं किती, तो भाग निराळा. जानेवारी २००५ मध्ये सुमारे १०.३ अब्ज डॉलरना व्यवहार झालाच. पण पीपलसॉफ्टला सपोर्ट आजही आहे. केवळ त्या कलमामुळे, असं मी म्हणणार नाही. मेंटेनन्सपोटी दरवर्षी येणारी रक्कम कोण सोडेल?

करारपत्र
म्हणजे माझंच म्हणणं. करारात होतं म्हणून बोलता आलं. ब्रॉडकॉम कंपनीने नोव्हेंबर २०२३ मध्ये व्हीएमवेअर ही सॉफ्टवेअर कंपनी घेतली आणि डिसेंबरमध्ये कायमस्वरूपी परवाने विकणं थांबवलं, सगळं सबस्क्रिप्शनवर, म्हणजे मुदतीपुरतं पैसे भरून वापरायचं. सपोर्ट वाढवून घ्यायचा हक्क आपल्या करारात आहे, असं म्हणत व्हीएमवेअरची ग्राहक असलेली अमेरिकी टेलिफोन कंपनी एटी अँड टी २०२४ मध्ये कोर्टात गेली. त्याच वर्षी तडजोड झाली.

गोदामकर
एटी अँड टीला वकिलांची फौज परवडते हो! आमच्याकडे हिशोब बघणारे दोघं आहेत, त्यातला एक मी. पण आमचा सोर्स कोड एस्क्रोत आहे, तिसऱ्या संस्थेकडे ठेवलेला. फी भरतोय आम्ही त्याची.

टेबलाखालचं_मशीन
एस्क्रो कधी उघडतो ते कलम वाचा. बहुतेक ठिकाणी कंपनी दिवाळखोर झाली किंवा धंदा बंद पडला तरच. तुमची कंपनी बुडालेली नाही, चढ्या भावाने विकली गेली आहे. आणि उघडला तरी शेवटची ठेव कधीची आहे ते विचारा. आमच्याकडे दोन आवृत्त्या मागची होती, कुणाच्या लक्षातच नव्हतं.

कोडच्या मागे लागण्यापेक्षा डेटा मागा. कागदपत्रांसकट, कुठल्या रकान्यात काय आहे ते लिहून. सपोर्ट आहे तोवरच. नंतर विचारायला माणूसच उरत नाही. आणि ते चार कोड का आहेत, हे आजच कागदावर उतरवा.

जुनी_फाईल
हे पटलं. तरी कायद्याचा मुद्दा मी सोडणार नाही. बंदची सूचना दिल्यावर वापरता येईल असा डेटा देणं बंधनकारक करायला काय हरकत आहे? पाच वर्षं सपोर्टपेक्षा हे कितीतरी स्वस्त.

करारपत्र
याला माझी हरकत नाही. सोर्स कोडला आहे.

गोदामकर
करार काढून वाचला. एस्क्रो दिवाळखोरीतच उघडतो, बरोबर. शिवाय चौदाव्या पानावर: त्यांच्या लेखी परवानगीशिवाय आम्ही परवाना कुणाला देऊ शकत नाही, ते मात्र आमचा करार कुणालाही देऊ शकतात, आम्हाला न विचारता. खाली सही माझीच आहे.

डेटाची मागणी आज पाठवली. चौथ्या कोडचा कागद लिहायला बसलोय, दीड पान झालंय, अजून अपवाद आठवताहेत.